लोहचुंबकाची सुई आणि केरूनाना

मी कलाशाखेचा विद्यार्थी आहे. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी विज्ञानाचा आणि माझा संबंध संपला, अशी माझी पक्की समजूत होती. असे असताना वीज आणि चुंबक यांच्या अंगाने एका थोर पुरुषाचे चरित्र लिहिण्याचा खटाटोप मी का केला, असा प्रश्न माझ्या वर्गमित्रांना पडेल. त्याचे उत्तर आधी द्यायला हवे, आणि त्यासाठी माझ्या आजीपासून सुरुवात करायला हवी.

माझे गाव काठी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात ते वसले आहे. काठीची राजवाडी होळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसली तरी ऐकलेली असते. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री आसपासच्या पाड्यांतून माणसांचे लोंढेच्या लोंढे ढोलाच्या तालावर नाचत येतात आणि उंच बांबूची ती होळी पहाटे पेटते. एरवी मात्र रात्र पडली की आमच्या पाड्यात चुलीचा आणि रॉकेलच्या चिमणीचा तेवढा उजेड असायचा. विजेचे खांब आमच्याकडे आले तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्या संध्याकाळी घरात दिवा लागला. सगळे आनंदात होते. आजी मात्र बराच वेळ तारेकडे पाहत राहिली आणि तिने मला विचारले की, या तारेतून येते तरी काय? पाणी यायचे तर नळी पोकळ लागते. ही तार तर भरीव आहे.

मी शाळेत जाणारा घरातला एकटा. विद्युतधारेची व्याख्या मला तोंडपाठ होती. पण ती पुस्तकी मराठीत होती, आणि आजीची बोली निराळी. मी काहीतरी पुटपुटलो. आजी गप्प झाली. आपल्याला व्याख्या येते, पण गोष्ट समजलेली नाही, हे मला त्या रात्री कळले. पुढे मी कलाशाखेला आलो त्यामागे आवड होती, तशी ही भीतीही होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. शास्त्र हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे मनाने घेतले होते.

गेल्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र हा विषय घेतला. लोकमान्य टिळकांचे गुरू कोण, हे शोधता शोधता एक नाव समोर आले: केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. डेक्कन कॉलेजातले गणिताचे नामांकित प्राध्यापक, ज्योतिषी, पंचांगकर्ते, एवढे मला ठाऊक होते. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात एका लोहचुंबकाच्या सुईपाशी झाली हे ठाऊक नव्हते. ते वाचले आणि आजीचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२४ रोजी अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे हे समुद्रकाठचे गाव. 'बालमित्र' हे मुलांसाठीचे पुस्तक १८२८ साली मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे हे त्यांचे चुलते. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले, तेव्हा चुलत्यांच्या आधाराने हा मुलगा मुंबईच्या वाटेला लागला आणि पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला. त्या काळी तेथे ऑर्लेबार हे इंग्रज प्राध्यापक आणि 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर शिकवीत असत. पोरका मुलगा, घर कोकणात, शिक्षण परक्या भाषेत. अशा स्थितीत त्याच्या बुद्धीची पारख झाली, हे त्याचे भाग्य. आणि त्या भाग्याचे त्याने चीज केले, हा त्याचा पराक्रम.

आता थोडे थांबून त्या काळात विजेविषयी आणि चुंबकाविषयी जगाला काय ठाऊक होते, हे पाहू. नाहीतर त्या मुलाच्या हाती कोणते काम आले, हे नीट ध्यानात येणार नाही.

कोरड्या केसांतून कंगवा फिरवावा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. कपटे उडून कंगव्याला चिकटतात. हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. घासल्यामुळे कंगव्यावर विद्युतभार आला, असे शास्त्र सांगते. हा भार दोन जातींचा असतो. रेशमावर घासलेल्या काचेवर येतो तो धनभार आणि लोकरीवर घासलेल्या लाखेवर येतो तो ऋणभार. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. घासण्याने भार नव्याने निर्माण होत नाही. तो एका वस्तूवरून दुसरीवर जातो, एवढेच. एकीकडे जेवढा कमी, दुसरीकडे तेवढाच जास्त. कुलोंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली हे ओढणे-लोटणे मोजून दाखवले. दोन भारांमधले अंतर दुप्पट केले की बल चौथाई उरते.

चुंबकाचे वागणे पाहिले तर असेच वाटते. त्यालाही दोन टोके, उत्तर आणि दक्षिण. सारखी टोके दूर लोटतात, विरुद्ध ओढतात. पण एक मोठा फरक आहे. धनभार एका वस्तूवर आणि ऋणभार दुसऱ्या वस्तूवर असा वेगळा ठेवता येतो. चुंबकाचे तसे नाही. चुंबक मधोमध तोडला तर एका हातात उत्तर आणि दुसऱ्या हातात दक्षिण येत नाही. दोन्ही तुकडे पुन्हा दोन टोकांचे पुरे चुंबक होतात. त्यामुळे वीज निराळी आणि चुंबक निराळा, अशीच बहुतेकांची समजूत होती.

ही समजूत केरूनानांच्या जन्माआधी चारच वर्षे, १८२० साली, ढासळली. कोपनहेगनचे प्राध्यापक ओर्स्टेड यांनी विजेचा प्रवाह वाहणारी तार होकायंत्राजवळ आणली आणि सुई हलली. वाहणारी वीज चुंबकासारखी वागते, हे जगाला कळले. मग उलट बाजूने चुंबकापासून वीज मिळेल काय, असा प्रश्न उभा राहिला. लंडनमध्ये फॅरडे यांनी १८३१ साली त्याचे उत्तर दिले. तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवून काही होत नाही. तो आतबाहेर हलवला की मात्र तारेत प्रवाह उत्पन्न होतो. आज धरणावर जी जनित्रे फिरतात ती याच तत्त्वावर. तेव्हा नागावचा केरो सात वर्षांचा होता. फॅरडे हेही लोहाराचे पोर आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार, हे जाता जाता सांगायला हवे.

त्याच सुमारास जर्मनीत गाउस या गणितज्ञाने आणखी एक मोठी गोष्ट आरंभली होती. पृथ्वी हा स्वतःच एक चुंबक आहे, हे जुने ज्ञान. पण तिची चुंबकशक्ती सर्व ठिकाणी सारखी नसते आणि एकाच ठिकाणीही ती स्थिर नसते. सुई अगदी ठीक उत्तरेकडे न रोखता थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला कलते, याला दिक्पात म्हणतात. हा दिक्पात दिवसातून किंचित बदलतो, वर्षानुवर्षेही बदलतो. कधी कधी तर काही कारण दिसत नसता सुई तासन्‌तास थरथरत राहते. हे गूढ उकलायचे तर जगभर अनेक ठिकाणी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे सुई पाहायला हवी. गाउसने गॉटिंगेन येथून ही चळवळ सुरू केली. ब्रिटिशांनी तिला हातभार लावला आणि टोरांटोपासून होबार्टपर्यंत चुंबकीय वेधशाळा निघाल्या. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधलेली वेधशाळा होतीच. तेथे १८४१ साली चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. ती ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. त्यांना मदतनीस हवा होता, आणि तो त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांतून निवडला. सोळा-सतरा वर्षांचे केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले.

हे काम कसे असेल, याची कल्पना मी करून पाहतो. ज्या खोलीत सुई टांगलेली त्या खोलीत लोखंड न्यायचे नाही. खिशात किल्ली नको, चाकू नको. सुई इतकी थोडी हलते की नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. दुर्बिणीतून बारीक आखणीचे माप वाचावे लागते. वाचायचे आणि वहीत लिहायचे. मग पुन्हा ठरलेली वेळ, पुन्हा वाचायचे, पुन्हा लिहायचे. दिवस असो, रात्र असो, बाहेर मृगाचा पाऊस कोसळत असो. जोडीला हवेचा दाब, उष्णता, वारा यांच्याही नोंदी. छायाचित्राने आपोआप नोंद करणारी यंत्रे कुलाब्याला १८७२ च्या सुमारास आली. तोपर्यंत सारा भार माणसाच्या डोळ्यांवर आणि हातावर होता.

मित्रांनो, या कामात एक विलक्षण गोष्ट आहे. जो सुई पाहत होता, त्याला ती का हलते हे ठाऊक नव्हते. ते त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. रोजच्या रोज सुई थोडी सरकते, कारण सूर्याच्या तापाने आकाशात फार उंचावर, विद्युतभारित झालेल्या विरळ हवेत विजेचे प्रवाह वाहतात, हे पुष्कळ पुढे उमगले. ज्या कणाच्या वाहण्याने आपल्या तारांतला प्रवाह होतो तो इलेक्ट्रॉनच मुळी १८९७ साली टॉमसन यांना सापडला. तेव्हा केरूनानांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. म्हणजे उत्तर हाती नसताना, उत्तर आपल्या हयातीत मिळेल अशी खात्री नसताना, प्रश्नाची नोंद प्रामाणिकपणे करायची, असे ते काम होते. कंटाळून एखादा आकडा अंदाजाने लिहिला असता तर कोणाला कळले असते? पण तसे केले की सारी वहीच खोटी. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रयोगवहीत मागच्या बाकावरच्या मित्राचे आकडे उतरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा विचार करण्यासारखा आहे.

सुमारे दहा वर्षे केरूनाना तेथे राहिले. गणित, ज्योतिष, हवामान, चुंबकत्व या सर्वांचा पाया त्यांनी तेथे पक्का केला. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांना मिळालेली नव्हती. मुंबई विद्यापीठच १८५७ साली स्थापन झाले, मग पदवी मिळणार कोठून! त्यांची पदवी म्हणजे त्या वेधशाळेतल्या वह्या.

१८५१ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी शिकवण्यात घालवले. पुण्याच्या ज्या सरकारी विद्यालयाचे पुढे डेक्कन कॉलेज झाले, तेथे ते गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवीत. इंग्रज प्राध्यापकांच्या त्या जगात ही जागा एका एतद्देशीयाने केवळ विद्वत्तेच्या बळावर मिळवली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. टिळक डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली गणित शिकले, आणि गुरूविषयीचा आदर त्यांनी जन्मभर बाळगला. टिळकांनी पुढे 'ओरायन' लिहिला त्यामागचे ज्योतिषाचे वेड कोठून आले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

पण मला विशेष भावली ती दुसरी गोष्ट. इंग्रजीत शिकलेल्या या माणसाने आपले ज्ञान मराठीत आणले. शाळांतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणितावर आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहिली. त्या काळी मराठीत शास्त्राचे शब्दच नव्हते. जो शास्त्र मराठीत सांगू पाही त्याला शब्द घडवत घडवत पुढे जावे लागे. विद्युतभार, धारा, चुंबकत्व हे शब्द आज आपण सहज उच्चारतो. पण ते आभाळातून पडलेले नाहीत. त्या पिढीने आणि तिच्या मागून आलेल्यांनी ते एकेक करून रुळवले. मराठीची जी अडचण तेव्हा होती तीच अडचण आज माझ्या बोलीची आहे, हे वाचताना माझ्या लक्षात आले आणि मी चपापलो. आजीला उत्तर देता आले नाही, याचा दोष मी बोलीवर ढकलला होता. केरूनानांनी तो मराठीवर ढकलला नाही.

सुईपाशी लागलेली सवय त्यांनी पंचांगातही सोडली नाही. त्या काळची पंचांगे जुन्या करणग्रंथांवरून तयार होत. गणिताने ग्रहण अमुक वेळी लागेल असे निघे आणि प्रत्यक्ष आकाशात ते वेगळ्या वेळी दिसे. केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधाराने 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ १८६० साली सिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने त्यांच्या पद्धतीचे पंचांग १८६५ पासून निघू लागले. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. आकाशात जे दिसते तेच पंचांगात यावे, एवढाच त्यांचा आग्रह. रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून त्यांनी राशिचक्राचा आरंभ धरला. त्यामुळे त्यांच्या पंचांगातली मकरसंक्रांत जुन्या पंचांगाहून सुमारे चार दिवस आधी येऊ लागली. मग काय, वादाला तोंड फुटले! सणवार आणि व्रतवैकल्ये यांच्याशी खेळ चालवला आहे, असे म्हणणारे होते. उलट बाजूने, हे पुरेसे नाही, सायन पंचांगच हवे, असे म्हणणारे विद्वानही होते. दोन्हीकडून टीका झाली. पंचांगाचा खप बेताचाच राहिला. तरी केरूनानांनी आपले गणित लोकांच्या सोयीसाठी वाकवले नाही. पुढे टिळकांनी हाच पक्ष उचलून धरला, आणि टिळक पंचांगाची परंपरा आजही चालू आहे.

आमच्या काठीच्या माणसाला या वादात एक गंमत दिसते. राशींचा आरंभ कोठून धरायचा यावर भांडण असले तरी तिथी त्यावर अवलंबून नसते. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी. एकशे ऐंशी अंश झाले की पौर्णिमा पुरी. आरंभबिंदू कोठलाही घ्या, दोघांमधले अंतर तेच. म्हणून पुण्याचे पंडित भांडत असताना सातपुड्यात चंद्र पाहून होळीचा दिवस ओळखणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांचे काही अडत नव्हते. वेध घेणे म्हणजे तरी काय? आकाशाकडे पाहणे आणि ध्यानात ठेवणे. आमच्याकडे पाहणारे होते, लिहून ठेवणारे नव्हते. एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

केरूनानांचा आणखी एक ध्यास म्हणजे सूर्यावरचे डाग. हे डाग आणि पृथ्वीवरचे हवामान यांचा काही मेळ आहे काय, याचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला. डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात. ते वाढले की पृथ्वीवरच्या चुंबकाच्या सुयाही अधिक अस्वस्थ होतात, हे सेबाइन यांनी १८५२ साली दाखवून दिले होते. ज्याने तरुणपणी ती अस्वस्थ सुई पाहिली, त्याने उतारवयात सूर्याकडे पाहावे, यात मला एक सरळ रेघ दिसते.

याच संबंधात १८५९ सालची एक घटना सांगतो. केरूनाना तेव्हा पुण्यात होते, पण कुलाब्याची वही चालूच होती. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांपाशी एकाएकी लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याच्या निरीक्षकाने नेहमीप्रमाणे वाचन घेतले आणि लिहिले: चुंबकशक्तीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट. ही वही पुढे जवळजवळ दीडशे वर्षे पडून राहिली. २००३ साली शास्त्रज्ञांनी तिच्यावरून त्या वादळाचे माप काढले तेव्हा जगाचे डोळे तिच्याकडे वळले. आज आकाशात उपग्रह आहेत, देशभर विजेच्या उच्चदाबाच्या तारा आहेत. तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा अंदाज करताना कुलाब्याचा तो आकडा हाताशी घ्यावा लागतो. अंदाजाने न लिहिलेल्या आकड्याची किंमत ती हीच.

सरकारने केरूनानांना १८७७ साली रावबहादुर केले. १८७९ साली ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. वरवर पाहता चरित्र येथे संपायला हवे. पण मला ते आणखी वीस वर्षांनी संपते असे वाटते. त्यासाठी पुन्हा त्यांच्या गावाकडे वळायला हवे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. कुलाब्याच्या वेधशाळेचे त्या वेळचे संचालक नानाभाई मूस हे होते. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांना धोका दिसला. ट्रामला तारेतून मिळालेला प्रवाह रुळांवाटे परत जातो, आणि त्यातला काही भाग जमिनीतही पाझरतो. वाहणारी वीज सुई हलवते, हे ओर्स्टेडने दाखवलेच होते. मग पृथ्वीच्या चुंबकाची सुई पृथ्वीमुळे हलली की कुलाब्याच्या ट्राममुळे, हे कसे ओळखायचे? सुईला शहराबाहेर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मूस यांनी जागा निवडली ती अलिबागची. १९०४ साली तेथे वेधशाळा सुरू झाली. आपल्या डोंगरांतला काळा दगड किंचित चुंबकीय असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. लोखंड वर्ज्य केले. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली, म्हणजे जुनी आणि नवी वही एकमेकींना जुळावी. मग कुलाब्याची सुई थांबली, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या साऱ्या निरीक्षणांचे दोन मोठे खंड १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांत केरूनाना कुलाब्याला असतानाच्या वर्षांतले आकडेही आहेत.

नागावचा मुलगा सुईपाशी बसायला मुंबईस गेला होता. साठ वर्षांनी सुईच त्याच्या गावाच्या शेजारी राहायला आली. इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही अलिबागला गेलो होतो. सर्वजण कुलाबा किल्ला पाहण्याच्या घाईत होते. अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा आणि मुंबईतली कुलाबा वेधशाळा वेगळी, हे मी दोनतीन मित्रांना समजावले. मी वेधशाळेच्या कुंपणाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. आत शिरायचे धाडस झाले नाही. पण आत कोठेतरी ती सुई अजून हलते आहे आणि कोणीतरी तिची नोंद ठेवते आहे, या विचाराने बरे वाटले.

गेल्या होळीला घरी गेलो तेव्हा एक स्वस्तातले होकायंत्र, बॅटरीचा सेल आणि हातभर तांब्याची तार बरोबर नेली. घरातल्या विजेचा येथे उपयोग नाही. तिची दिशा सेकंदात पन्नासदा पुढे-मागे होते आणि सुईला कोणत्या बाजूला वळावे ते कळत नाही. सेलचा प्रवाह एकाच दिशेचा. आजीला ओट्यावर बसवले. तार सुईवर धरली, तिची टोके क्षणभर सेलला लावली. सुई वळली. टोके काढली, सुई परत आली. आजीने ते चारपाच वेळा करायला लावले.

मग मी तिच्या बोलीत सांगितले. आजी, तार पोकळ नाही आणि रिकामीही नाही. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांची आधीपासूनच गर्दी आहे. होळीला आपण एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगेने नाचतो ना? पुढच्याने पाऊल उचलले की सारी रांग हलते. प्रत्येक माणूस थोडाच सरकतो, पण हालचाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लगेच पोचते. तारेतही तसेच. कण मुंगीपेक्षा हळू सरकतात, पण रेटा निमिषात पोचतो आणि दिवा लागतो. विद्युतभार या शब्दाला आमच्या बोलीत शब्द नाही. मी तो गाळला आणि रांग सांगितली.

आजीने विचार केला आणि नवा प्रश्न काढला. रांग तारेत नाचते, मग तारेला न शिवता बाहेरची सुई कशी वळते? याचे पुरे उत्तर मला अजून सांगता येत नाही. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे मला ठाऊक आहे. पण क्षेत्र म्हणजे काय, ते तिच्या बोलीत अजून बसत नाही. या वेळी मात्र मी पुटपुटलो नाही. वही काढली आणि तिचा प्रश्न तारीख घालून लिहून ठेवला. पहाटे बांबू पेटला तेव्हा चंद्र मावळतीकडे होता आणि होकायंत्र माझ्या खिशात होते.